प्रतिरूपक व्यवहार : खोटी नोट, व्यापाऱ्याची पारख आणि अचौर्यव्रत

तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे आणि घेण्याचे माप वेगळे व देण्याचे वेगळे ठेवणे हे त्यांतील चार. पाचव्याला प्रतिरूपक व्यवहार असे नाव आहे. त्याचा अर्थ आपण सहसा भेसळ असा घेतो. तुपात वनस्पती, केशरात रंगवलेले तंतू अशी उदाहरणे देतो. तो अर्थ योग्यच आहे. परंतु पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत या अतिचाराचा खुलासा करताना उल्लेख केला आहे तो कृत्रिम हिरण्यादींचा. आणि हिरण्य म्हणजे ज्यावर व्यवहार चालतो ते रुप्यादी चलन, असा अर्थही त्यांनीच अन्यत्र दिला आहे. म्हणजेच श्रावकाला फार पूर्वी दिलेला हा इशारा थेट खोट्या नाण्याविषयीचा आहे.

हा इशारा आजही जुना झालेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ या वर्षात देशातील बँकांमध्ये २,१७,३९६ खोट्या नोटा सापडल्या. त्यांतील १,१७,७२२ नोटा नव्या मालिकेतील ५०० रुपयांच्या होत्या. आदल्या वर्षी हीच संख्या ८५,७११ होती. एका वर्षात ३७ टक्क्यांहून अधिक वाढ झाली. शिवाय हे आकडे केवळ बँकेपर्यंत पोहोचलेल्या नोटांचे आहेत. हातोहात फिरणाऱ्या, एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जाणाऱ्या नोटा त्यांत मोजल्या गेलेल्या नाहीत.

नागपूरच्या आपल्या व्यापारी कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे असे कारण आहे. इतवारीचा किराणा आणि सराफा, गांधीबागेचे कापड, कळमन्याचे धान्य आणि संत्री या बाजारांत विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे ग्राहकही येतात. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय घरोघरी पोहोचली असली तरी आठवडी बाजाराहून आलेला किरकोळ दुकानदार, शेतमाल विकून आलेला शेतकरी आणि हमाली घेणारा मजूर यांचा व्यवहार आजही बराचसा रोखीतच चालतो. जिथे रोकड मोठी आणि ग्राहक अनोळखी, तिथे खोटी नोट येण्याचा संभव अधिक.

सराफाची कसोटी

चलन पारखून घेणे ही व्यापाऱ्याची जुनी विद्या आहे. भोसल्यांच्या राज्यात नागपुरी रुपया चालत असे आणि शेजारच्या मुलखांतील वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपयेही बाजारात येत. सराफ नाणे दगडावर वाजवून, तोलून, त्याचा कस पाहून मग ते घेई. कमअस्सल वाटले तर त्यावर बट्टा आकारी. नावाला बट्टा लागणे हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग या पेढीवरूनच आला आहे. खणखणीत, पारख, कस, खोटे नाणे हे शब्दही आपण आज माणसांच्या गुणदोषांसाठी वापरतो, कारण व्यवहारातील खरेपणा आणि स्वभावातील खरेपणा यांत आपल्या पूर्वजांनी भेद मानला नाही.

कागदी चलनाने ही परीक्षा अधिक कठीण केली. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १८६१ च्या कायद्यान्वये कागदी नोटा काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या त्या पहिल्या नोटांच्या बनावट प्रती इतक्या निघाल्या की ती मालिका मागे घ्यावी लागली आणि १८६७ पासून नव्या धर्तीच्या नोटा आल्या. नोटा आपल्या देशातच छापता याव्यात म्हणून १९२८ मध्ये नाशिक रोड येथे छापखाना सुरू झाला; आपल्या गल्ल्यातील अनेक नोटा आजही तेथूनच येतात. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा सांगितलेल्या कारणांपैकी एक बनावट चलन हेच होते. त्यानंतर नवी मालिका आली आणि काही काळाने तिच्याही नकला आल्या. खरी नोट आणि तिची नकल यांची ही शर्यत सतत चालूच आहे. म्हणून पारख एकदा शिकून पुरत नाही; ती ताजी ठेवावी लागते.

हात, डोळा आणि उजेड

नोट साध्या कागदाची नसते. तिचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनतो. म्हणून तिला एक विशिष्ट करकरीतपणा असतो आणि वापरून मऊ झाली तरी ती साध्या कागदासारखी चुरत नाही. पहिली परीक्षा बोटांनी करावी. ५०० रुपयांच्या नोटेवर गांधीजींचे चित्र आणि उजवीकडील अशोकस्तंभ उठावदार छपाईत असतात. डाव्या आणि उजव्या कडेला पाच-पाच तिरप्या रेषा असतात आणि उजवीकडे एक वर्तुळाकार खूण असते; त्याही बोटाला जाणवतात. २०० रुपयांच्या नोटेला अशा चार रेषा असून त्यांच्यामध्ये दोन लहान वर्तुळे असतात. १०० रुपयांच्या नोटेला चार रेषा आणि त्रिकोणी खूण असते. ही योजना दृष्टिहीन बांधवांसाठी आहे, पण गर्दीच्या वेळी नोटा मोजणाऱ्या डोळस माणसालाही ती तितकीच उपयोगी पडते.

दुसरी परीक्षा नोट तिरपी करून घ्यावी. मध्यावरील सुरक्षा धाग्यावर ‘भारत’ आणि रोमन लिपीत आरबीआय ही अक्षरे असतात. नोट कलती केली की हा धागा हिरव्याचा निळा होतो. ५०० आणि २०० च्या नोटांवर उजव्या बाजूस खाली रुपयाच्या चिन्हासह छापलेला आकडाही असाच रंग बदलतो. रंगीत झेरॉक्स किंवा छपाईयंत्राने काढलेल्या नकलेवर हिरवा रंग हिरवाच राहतो. एकच परीक्षा करण्याइतका वेळ असेल, तर हीच करावी.

तिसरी परीक्षा उजेडाची. नोट प्रकाशाकडे धरली की कोऱ्या भागात गांधीजींची प्रतिमा आणि नोटेच्या मूल्याचा आकडा जलचिन्हात दिसतो. ही प्रतिमा कागद तयार होतानाच त्यात उतरते, म्हणून छटा हळूहळू गडद होत जातात. नकलेत ती वरून छापलेली असते आणि तिच्या कडा ठळक दिसतात. डावीकडे समोरून अर्धा आणि मागून अर्धा छापलेला आकडा उजेडात नेमका जुळून पूर्ण होतो. धागाही सलग एका रेषेत दिसतो, तुकड्यातुकड्यांत नव्हे.

यांखेरीज काही गोष्टी नुसत्या पाहून कळतात. नव्या मालिकेत नोटेचा क्रमांक वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असतो आणि त्याचे अंक लहानापासून मोठे होत जातात. गड्डीत एकाच क्रमांकाच्या दोन नोटा आढळल्या तर संशयाला जागाच उरत नाही. मागच्या बाजूला डावीकडे छपाईचे वर्ष असते. ५०० च्या नोटेवर लाल किल्ला, २०० वर सांचीचा स्तूप आणि १०० वर पाटणची राणी की वाव आहे. तिन्ही नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १५०, १४६ आणि १४२ मिलिमीटर. गड्डी टेबलावर ठोकून सारखी केली की वेडीवाकडी कापलेली नोट लगेच वेगळी दिसते.

अतिनील दिव्याखाली खऱ्या नोटेचा कागद चमकत नाही. त्यातील तंतू आणि क्रमांक चमकतात. बाजारी कागद मात्र पांढुरका-निळा उजळतो. एक सावधगिरी इथे हवी. खिशात राहून साबणाच्या पाण्यात धुतली गेलेली खरी नोटही दिव्याखाली चमकू शकते. म्हणून केवळ दिव्यावर निर्णय देऊ नये. नोटा मोजण्याचे यंत्र घेताना ते नुसते मोजते की पारखतेही, हे विचारून घ्यावे. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे मोबाइल अॅप दृष्टिहीनांना नोटेचे मूल्य सांगण्यासाठी १ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले. ते नोट खरी की खोटी हे सांगत नाही, हा भेद घरातील ज्येष्ठांना अवश्य समजावून द्यावा.

खोटी नोट देणाराही वेळ निवडतो. सणाच्या आदल्या संध्याकाळची गर्दी, दुकान बंद करण्याची घाई, वीज गेलेली असताना, किंवा शंभर रुपयांच्या खरेदीसाठी पाचशेची नोट पुढे करून परतीची घाई करणारा ग्राहक, या वेळा ओळखाव्यात. गड्डीच्या वर आणि खाली खऱ्या नोटा लावून मध्ये ‘चिल्ड्रन बँक’ किंवा ‘मनोरंजन बँक’ असे छापलेले खेळण्यातले कागद भरण्याची युक्तीही जुनी आहे. गड्डीवरील बँकेची पट्टी पाहून विश्वास ठेवू नये. पट्टी सोडून मोजावे, आणि देणारा समोर असतानाच मोजावे.

खऱ्याला खोटे म्हणणे

पारखीची दुसरी बाजूही आहे. क्रमांकात तारेची खूण असलेली नोट खोटी, अशी अफवा पसरली होती. सदोष छपाईमुळे बाजूला काढलेल्या नोटेच्या जागी अशी नोट येते आणि ती पूर्णपणे वैध आहे, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जुलै २०२३ मध्ये करावा लागला. दहा रुपयांच्या नाण्याबाबतही हेच झाले. त्याचे चौदा वेगवेगळे नमुने चलनात असून सर्व वैध आहेत, असे बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. तरीही ते नाणे नाकारणारी दुकाने आढळत राहिली. खरे चलन खोटे ठरवून परत करणे हा समोरच्या गरिबावर अन्याय आहे, कारण त्याच्याजवळ दुसरी नोट असेलच असे नाही. म्हणून ऐकीव गोष्टीपेक्षा रिझर्व्ह बँकेच्या ‘पैसा बोलता है’ या संकेतस्थळावरील चित्रे पाहून घ्यावीत आणि दुकानातील सर्वांना दाखवावीत.

नोट गल्ल्यात आली, आता?

ग्राहकाने दिलेली नोट संशयास्पद वाटली, तर आवाज न चढवता ‘भाऊ, ही नोट जरा बदलून द्या’ असे म्हणावे. दहांपैकी नऊ वेळा तो स्वतःच फसलेला असतो. चारचौघांत त्याला चोर ठरवणे हे वचनाने केलेली हिंसाच होय. एकाच व्यक्तीकडून अशा अनेक नोटा आल्या, किंवा तीच व्यक्ती वारंवार येऊ लागली, तर मात्र पोलिसांना कळवण्यात संकोच करू नये.

नोट स्वीकारली गेली आणि नंतर लक्षात आली, तर तिची जागा बँक ही आहे. नियम असा की बँकेला नोट खोटी आढळली तर ती ग्राहकाला परत करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते आणि आणणाऱ्याला पोचपावती देते. त्या नोटेचे मूल्य मिळत नाही. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा सापडल्या तर बँक महिन्याअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते. पाच किंवा अधिक असल्या तर नोटा तत्काळ पोलिसांकडे जातात आणि गुन्हा नोंदवला जातो. त्यामुळे संशयित नोटा साठवून एकदम नेऊ नयेत. आढळली की न्यावी. पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण आपण नोट लपवली नाही याचा तो पुरावा आहे. संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेचे नागपूर कार्यालय हे देशातील १९ निर्गम कार्यालयांपैकी एक आहे. परंतु एका नोटेसाठी तेथपर्यंत जाण्याची गरज नाही, आपल्या खात्याची शाखा पुरेशी आहे.

कायद्याची रेषा कुठे आहे हेही समजून घ्यावे. १८६० च्या दंडसंहितेत खोट्या नाण्यांविषयी एक दृष्टांत दिलेला होता. त्यात खोटे रुपये पाडणारा, ते जाणून विकत घेणारे आणि शेवटी मालाच्या मोबदल्यात ते नकळत स्वीकारणारा माणूस, अशी साखळी आहे. हा शेवटचा माणूस नाणी खोटी आहेत हे कळल्यावरही ती खरी म्हणून पुढे देतो. त्याला शिक्षा इतरांपेक्षा सौम्य होती, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या मूल्याच्या दहापटीपर्यंत दंड. पण तो गुन्हेगारच होता. नोटांच्या बाबतीत १८९९ मध्ये जी कलमे आली, त्यांत ही सवलतही ठेवली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १७९ सांगते की नोट खोटी आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, ती खरी म्हणून वापरणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही होऊ शकते. कलम १८० अशी नोट खरी म्हणून वापरण्याच्या हेतूने जवळ बाळगण्याविषयी आहे. मात्र ती कायदेशीर मार्गाने आपल्याकडे आली हे सिद्ध केल्यास तो गुन्हा ठरत नाही. छत्तीसगडमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हेच तत्त्व स्पष्ट केले होते. नोट हाती असणे पुरेसे नाही, ती खोटी असल्याचे ज्ञान सिद्ध झाले पाहिजे. सारांश, नकळत फसलेला माणूस निर्दोष आहे. कळल्यानंतरचे पाऊल त्याला गुन्हेगार करते.

तोटा कोणाच्या माथी?

इथे धर्म आणि कायदा एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात. आपल्या आचारशास्त्रात दोषाचे मूळ प्रमादात आणि हेतूत पाहिले जाते. गर्दीत नोट न पाहता घेणे हा प्रमाद आहे, म्हणून पारख शिकणे हा अप्रमादाचाच अभ्यास आहे. पण नोट खोटी आहे हे कळले आणि तरीही ‘आपल्याला कोणीतरी दिली, आपणही कोणालातरी देऊ’ असे म्हटले, की त्या क्षणी प्रतिरूपक व्यवहार सुरू होतो. पाचशे रुपये वाचतात, परंतु ते कोणाचे वाचतात हे पाहावे. पारखणारा व्यापारी ती नोट घेणार नाही. ती जाईल भाजीवालीकडे, रिक्षावाल्याकडे, अंधारात मजुरी घेणाऱ्या हमालाकडे. पेढीला पाचशेचा तोटा हा रोजमेळातील एक नोंद असतो. त्या माणसाचा तो दिवसभराचा घाम असतो.

आणखी एक मोह असा की अशी नोट मंदिराच्या भांडारात किंवा जीवदयेच्या पेटीत टाकावी. नाव नाही, विचारणा नाही. विश्वस्त मंडळी पेटी उघडतात तेव्हा अशा नोटा हाती येतात आणि संस्थेला बँकेत उत्तर द्यावे लागते. परिग्रहाचा त्याग म्हणून जे द्यायचे, ते आपल्याला नकोसे झालेले खोटे असू नये. दानाचा आभास हाही प्रतिरूपकच होय.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र पेढीच्या मालकाने ठरवायची आहे. खोटी नोट आली की गल्ल्यावर बसणाऱ्या पोराच्या पगारातून पाचशे रुपये कापण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. हिशेबाच्या दृष्टीने ती शिस्त वाटते. परंतु तिचा परिणाम उलटा होतो. ज्याच्या पगारातून रक्कम जाणार, तो नोट मालकाला दाखवणारच नाही. ती दुसऱ्या ग्राहकाच्या परतीत सरकवेल. म्हणजे नोकराला आपणच चोरीकडे ढकलले, आणि चोरीस प्रवृत्त करणे हा तर अचौर्याचा पहिलाच अतिचार आहे. म्हणून तोटा पेढीने सोसावा. नोकराने नोट दाखवली तर त्याला शाबासकी द्यावी, आणि पुन्हा फसू नये म्हणून पाच मिनिटे शेजारी बसवून खऱ्या नोटेचा धागा आणि जलचिन्ह दाखवावे. एकच व्यक्ती जाणूनबुजून वारंवार अशा नोटा आणत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिची चौकशी व्हावी.

याची सुरुवात करण्यासाठी वहीपूजनासारखा मुहूर्त नाही. नव्या रोजमेळात, आपल्या लेखापालाच्या सल्ल्याने, खोट्या चलनासाठी एक लहानसे खाते उघडावे. वर्षभरात ज्या नोटा बँकेत जप्त झाल्या, त्यांच्या पावत्या तिथे लावाव्यात. दिवाळीला घरातील मुलांना आणि सुनांना जमाखर्च समजावताना तेही पान दाखवावे. पेढीचा नफा किती हे इतर पानांवरून कळेलच. पुढच्या पिढीला पेढीची साख या पानावरून कळेल.